साक्ष द्यायची आहे; कुठे, किती वेळ आणि कशी?

वाचकांचे प्रश्न

या वेळची सगळी पत्रे सोलापूरची आहेत. उपवासकाळातल्या (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांतल्या) शुक्रवारी क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाचे टप्पे आठवणारी प्रार्थना) झाल्यावर धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) एकदोघांनी आपला विश्वासाचा अनुभव सांगावा, म्हणजे साक्ष द्यावी, असे तिथे घाटते आहे, आणि त्यावरून बरेच प्रश्न आले आहेत. काही पत्रे लांबलचक होती. इथे मुद्द्यापुरती दिली आहेत.

प्रश्न: रविवारच्या मिस्सेत (मुख्य उपासनेत) शुभवर्तमानाच्या वाचनानंतर एका प्रापंचिकाने (धर्मगुरू नसलेल्या ख्रिस्ती माणसाने) पाच मिनिटे साक्ष द्यावी असे पॅरिश कौन्सिलमध्ये बहुतेकांचे मत आहे. फादर तयार नाहीत. नियम नेमका काय? (रेल्वे लाईन्स, सोलापूर)

फादरांचे बरोबर आहे. शुभवर्तमानानंतरची वेळ प्रवचनाची असते आणि प्रवचन धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचे दीक्षित सेवक) यांनीच करायचे असते. कॅथॉलिक धर्मसभेच्या (चर्चच्या) कायद्याचे कलम ७६७ आणि मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनेचा परिच्छेद ६६ यांत याला प्रापंचिकांसाठी पळवाट ठेवलेली नाही. प्रवचन लांबते ही तक्रार खरी असेल, तर ती फादरांकडे जाऊन प्रेमाने सांगावी. त्यासाठी साक्षीला प्रवचनाच्या जागी बसवू नये.

मात्र साक्षीला मिस्सेत अजिबात थारा नाही, असेही नाही. २००४ साली रोमहून निघालेल्या ‘रिडेम्प्शिओनिस साक्रामेंतुम’ या सूचनेचा परिच्छेद ७४ याच विषयावर आहे. प्रापंचिकाने साक्ष द्यायची झाल्यास ती मिस्सेबाहेर व्हावी हे केव्हाही चांगले, असे तो सांगतो. तसेच गंभीर कारण असेल तर धर्मगुरूंनी कम्युनियननंतरची (पवित्र भाकर स्वीकारल्यानंतरची) प्रार्थना म्हटल्यावर ती देता येते. पण तो नित्याचा पायंडा पडता कामा नये, साक्ष प्रवचनासारखी वाटता कामा नये आणि तिच्यासाठी प्रवचन गाळता येत नाही. ‘दर रविवारी पाच मिनिटे’ ही योजना इथेच बाद होते. वर्षातून एखाद्या वेळी, उदाहरणार्थ मिशन रविवारी, फादरांच्या संमतीने, असे असेल तर चालेल.

त्या वेळीही एक गोष्ट सांभाळा. वाचनपीठ हे वाचने, स्तोत्र, प्रवचन आणि विश्वासूंच्या प्रार्थनेतील विनंत्या यांच्यासाठी राखलेले असते. साक्ष देणाऱ्यासाठी खाली बाजूला वेगळा माइक लावावा. प्रार्थना संपली की लोकांना बसायला सांगावे, साक्ष व्हावी, मग आशीर्वाद. लोक उभेच राहिले तर तिसऱ्या मिनिटाला चुळबुळ सुरू होते आणि मागच्या बाकावरचे दाराकडे सरकू लागतात.

मिस्सेबाहेर तर जागाच जागा आहे: शुक्रवारची क्रुसाची वाट, मे आणि ऑक्टोबरमध्ये घरोघरी होणारी रोजरी, पहिल्या कम्युनियनच्या मुलांच्या पालकांची सभा, विवाहपूर्व शिबिर, दृढीकरणाचा वर्ग. यातही पालकसभा आणि विवाहपूर्व शिबिर आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते, कारण तिथे ऐकणाऱ्याला त्या अनुभवाची त्याच आठवड्यात गरज असते. उपवासकाळाची अखेर म्हणजे सोलापुरात ऊन चाळिशीला टेकलेले असते. दुपारचा कार्यक्रम ठेवू नका, संध्याकाळी सातनंतर ठेवा.

प्रश्न: माझ्या आयुष्यात चमत्कार वगैरे काही घडलेले नाही. तरी मला बोलायला सांगितले आहे. पाच मिनिटांत काय सांगू, आणि तयारी कशी करू? (विजापूर रोड)

तुमच्यासारख्यांनीच बोलावे. पोप सहावे पॉल यांनी १९७५ मध्ये लिहिले की आजचा माणूस शिक्षकांपेक्षा साक्षीदारांचे अधिक आवडीने ऐकतो. साक्षीदाराने जे पाहिले तेवढेच सांगायचे असते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला जन्मांध माणूस परुश्यांच्या (यहुदी धर्मपुढाऱ्यांच्या) प्रश्नांच्या सरबत्तीला एवढेच म्हणतो, की मी आंधळा होतो आणि आता मला दिसते. बाकीचे मला ठाऊक नाही, हे सांगायलाही तो कचरत नाही.

बोलण्याच्या तीन आठवडे आधी सुरुवात करा. पहिले चारपाच दिवस काही लिहू नका. रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे शांत बसून स्वतःला विचारा: माझे मन कुठे वळले? त्या वेळी प्रार्थनेत, मिस्सेत किंवा कुणाच्या बोलण्यात नेमके काय घडले? त्यानंतर माझ्या वागण्यात असा कोणता फरक पडला, जो घरच्यांनाही दिसला? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तो प्रसंग सोडा, दुसरा शोधा.

मग हाताने लिहून काढा. माइकवर सावकाश बोलताना मिनिटाला शंभर ते एकशेवीस शब्द होतात, म्हणजे पाच मिनिटांना साडेपाचशे शब्द पुरे. त्यातले पहिले मिनिट आधीची परिस्थिती, मधली तीन मिनिटे तो एक प्रसंग आणि शेवटचे मिनिट आजची स्थिती. बहुतेक साक्षी इथेच फसतात. आधीची दारू, भांडणे, कर्ज यांच्या वर्णनात चार मिनिटे जातात, कारण ते ऐकताना लोक कान टवकारतात आणि बोलणाऱ्याला चेव येतो. देवाच्या वाट्याला शेवटची दोन वाक्ये उरतात. घरी मोठ्याने वाचताना समोर घड्याळ ठेवा आणि प्रत्येक भागाला किती वेळ लागला ते कागदाच्या कडेला लिहा. हे केले की काय कापायचे ते आपोआप दिसते.

दुसरी चूक मोघम बोलण्याची. पुढचा नमुना आम्ही समजावण्यासाठी रचला आहे. पहिला मसुदा असा असतो:

‘मी मोठ्या संकटात होतो. चारी बाजूंनी अंधार होता. पण देवाने माझा हात धरला आणि आज मी जो काही आहे तो त्याच्याच कृपेने आहे.’

यात खोटे काही नाही, पण हे कुणीही कुणाबद्दलही म्हणू शकेल. तेच असे लिहून पाहा:

‘यंत्रमागाचा कारखाना बंद पडला तेव्हा धाकटी नववीत होती. तीन महिने मी सकाळी डबा घेऊन निघायचो आणि स्टेशनच्या बाकावर बसून राहायचो. बायकोला सांगितलेच नव्हते. एका रविवारी मिस्सेत प्रभूची प्रार्थना म्हणताना रोजच्या भाकरीच्या ओळीवर माझा आवाज फुटेना. घरी आल्यावर भाकरी वाढून ती समोर बसली आणि मी तिला सगळे सांगितले. ती रागावली नाही. म्हणाली, मला महिन्यापूर्वीच कळले होते.’

यात ‘कृपा’ हा शब्द कुठेच नाही, पण ऐकणाऱ्याला ती दिसते. आणखी एक पाहा: नोकरी परत मिळाली की नाही, ते इथे सांगितलेले नाही. मिळाली असेल तर जरूर सांगा, पण देवाने काय केले याचा पुरावा म्हणून नोकरी पुढे करू नका. समोर बसलेल्यांत अजून बेकार असलेला माणूस असतो. त्याच्या मनात लगेच येते की मग माझी प्रार्थना कमी पडली का? प्रसंगातल्या माणसाला खोटेपणातून बाहेर येण्याचे बळ मिळाले. हे दान त्या बेकार माणसालाही मिळू शकते.

बायबलमधले वचन घ्यायचे तर एकच घ्या, आणि ते त्या वेळी खरोखर मनात आले असेल तरच. नंतर शोधून चिकटवलेली तीनचार वचने बोलण्याचा सूर बदलतात आणि साक्षीचे प्रवचन होते. ‘तुम्हीही असेच करा’ हे वाक्य तर काढूनच टाका.

एक आठवडा आधी मजकूर दोघांना दाखवा: एक घरचे माणूस, जे तोंडावर खरे सांगेल, आणि दुसरे फादर किंवा संयोजक. पहिली दोन वाक्ये आणि शेवटचे एक वाक्य तोंडपाठ करा. बाकीचे मुद्दे पोस्टकार्डाएवढ्या कागदावर ठेवा. सगळे पाठ केले की एक वाक्य विसरल्यावर पुढचे सगळेच कोसळते, आणि कागदावरून वाचले की लोकांकडे पाहता येत नाही. रडू आले तर थांबा, पाणी प्या, पुढे बोला. त्याबद्दल माफी मागण्याची गरज नाही.

ऐकणारे बदलले की तोच प्रसंग वेगळा सांगायला हरकत नाही. संत पौलाने आपल्या परिवर्तनाची हकिकत प्रेषितांच्या कृत्यांत दोनदा सांगितली आहे, २२ व्या अध्यायात यरुशलेमच्या जमावापुढे आणि २६ व्या अध्यायात अग्रिप्पा राजापुढे. जमावाला तो आपले यहुदी शिक्षण आणि हनन्या या धर्मनिष्ठ माणसाविषयी सांगतो. राजापुढे हनन्याचा उल्लेखही येत नाही. दमास्कसच्या वाटेवर काय घडले हे मात्र दोन्हीकडे तेच आहे.

प्रश्न: प्रार्थना गटातल्या एक ताई सांगतात की नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) केल्यावर त्यांची शुगर गेली आणि त्यांनी गोळ्या बंद केल्या. त्यांना साक्ष द्यायची आहे. नाही म्हटले तर आम्हीच अविश्वासू ठरतो. (जुळे सोलापूर)

आधी त्यांना जवळ बसवून एकच विचारा: गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या की तुम्ही? स्वतः केल्या असतील तर साक्षीचा विषय बाजूला ठेवा आणि त्यांना उद्याच डॉक्टरांकडे घेऊन जा. उपाशीपोटीचा एखादा आकडा चांगला आला म्हणजे मधुमेह गेला असे होत नाही. मागच्या दोनतीन महिन्यांची सरासरी एचबीएवनसी या तपासणीत कळते. इन्सुलिनवर असलेल्या माणसाने ते अचानक सोडले तर काही दिवसांतच जिवावर बेतू शकते.

शिवाय सभागृहात त्या एकट्या नसतात. समोरच्या पन्नास माणसांत कुणी रक्तदाबाच्या, कुणी फिटच्या, कुणी मानसिक आजाराच्या गोळ्यांवर असते. ‘ताईंनी गोळ्या सोडल्या’ एवढेच त्यांच्या लक्षात राहते. पवित्र शास्त्रात सिराखचा ३८ वा अध्याय वैद्याचा मान राखायला सांगतो आणि औषधे परमेश्वरानेच जमिनीतून निर्माण केली असे म्हणतो. गोळी घेणे आणि नोव्हेना करणे यांत भांडण लावण्याचा आपल्याला काहीच आधार नाही.

बरे होण्याच्या साक्षींबाबत १४ सप्टेंबर २००० रोजी रोमहून स्वतंत्र सूचना निघाली आहे. तिच्या नवव्या कलमानुसार, प्रार्थनासभेत कुणी बरे झाल्यासारखे वाटले तर चालकांनी संयम ठेवावा, वातावरण शांत राखावे आणि सभा संपल्यावर साक्षी साधेपणाने, अचूकपणे नोंदवून धर्माधिकाऱ्यांकडे द्याव्यात. म्हणजे तिथल्या तिथे माइक हाती द्यायचा नाही. सोलापूर पुणे धर्मप्रांतात येते, त्यामुळे तसेच काही असेल तर फादरांमार्फत ते पुण्याला जाईल. फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्री बरे झाल्याचे हजारो लोकांनी सांगितले, पण तिथल्या वैद्यकीय मंडळाच्या तपासण्यांनंतर धर्मसभेने मान्य केलेला ७० वा चमत्कार २०१८ मध्ये जाहीर झाला. त्या वर्षापर्यंतच्या दीडशेहून अधिक वर्षांत सत्तर. धर्मसभा इतकी सावध राहते आणि तरी रोज रुग्णांसाठी प्रार्थना करते. आपल्यालाही दोन्ही जमले पाहिजे.

डॉक्टरांनी तपासून खरोखर सुधारणा सांगितली असेल, तर ताईंना असे बोलता येईल: ‘माझा अमुक रिपोर्ट असा आला. डॉक्टर म्हणाले तसे औषध चालू आहे. या काळात नोव्हेनाने माझी भीती गेली. मी देवाचे आभार मानते.’ त्या कार्यक्रमात दानपेटी फिरवू नका. चमत्काराच्या नावाखाली लोकांना फसवणे आणि पैसा मिळवणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ताईंच्या मनात तसे काही नसणार, पण साक्ष आणि वर्गणी एका संध्याकाळी आली की बघणाऱ्याला तसेच वाटेल.

आणि आमची कळकळीची विनंती: जे बरे झाले नाहीत त्यांनाही बोलायला बोलवा. वर्षानुवर्षे डायलिसिसवर असलेला आणि तरी प्रार्थना न सोडणारा माणूस प्रत्येक धर्मग्रामात असतो. त्याला कुणी विचारत नाही.

प्रश्न: नवऱ्याची दारू सुटली, ही माझी साक्ष आहे. त्यांना न विचारता सांगू का? (अक्कलकोट रोड)

नाही. दारू त्यांची होती, सुटलीही त्यांची. धर्मसभेच्या कायद्याचे कलम २२० प्रत्येकाच्या अब्रूचे आणि खासगीपणाचे रक्षण करते. एकांतात विचारा, मजकूर वाचून दाखवा, त्यांनी होकार दिला तरी दोन दिवस जाऊ द्या आणि पुन्हा विचारा. नाही म्हणाले तर तुमच्यापुरते सांगा: त्या वर्षांत तुमची प्रार्थना कशी होती, राग कुठे ठेवलात, क्षमा कशी जमली. ते अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना जात असतील, तर तिथे भेटलेल्या इतर कुणाचाही उल्लेख नको. मुलांच्या शाळेतले प्रसंग गाळा, दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांना त्यावरून ऐकावे लागते. कुणाच्या एचआयव्हीची माहिती त्याच्या संमतीशिवाय सांगण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे.

पापनिवेदनात फादरांनी काय सांगितले, तेही शक्यतो सांगू नये. गुप्ततेचे बंधन फादरांवर आहे, तुमच्यावर नाही. पण तुमच्या सांगण्यात चूक झाली तर ते एक शब्दही बोलू शकत नाहीत.

मोबाइलवर रेकॉर्डिंग नको, हे सूत्रसंचालकाने सुरुवातीलाच सांगावे. सभागृहातल्या चाळीस जणांवर विश्वासून सांगितलेली गोष्ट रात्री नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरते आणि मग ती परत घेता येत नाही.

प्रश्न: आमच्या वस्तीतल्या लघु ख्रिस्ती समूहात अनुभव सांगायचे म्हटले की तेच दोघे बोलतात, एकजण सल्ले देतो आणि बाकीचे गप्प. काय करावे? (सात रस्ता)

आठ ते बारा माणसे असू द्या. जास्त असतील तर दोन गोल करा. दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेने तयार केलेली सात पायऱ्यांची शुभवर्तमान पद्धत भारतातल्या अनेक समूहांत रुळली आहे. प्रभूला बोलावणे, उतारा वाचणे, मनाला भिडलेला शब्द मोठ्याने उच्चारणे, स्तब्धता, काय ऐकू आले ते सांगणे, काय करायचे ते ठरवणे आणि शेवटी मुक्त प्रार्थना. पन्नास मिनिटांत होते. बहुतेक ठिकाणी तिसरी आणि चौथी पायरी घाईत उरकतात आणि थेट पाचवीवर येतात, म्हणून मग तयार बोलणारेच बोलतात. शब्द उच्चारायला धाडस लागत नाही. तिथे प्रत्येकाचा आवाज एकदा फुटला की पुढे तो बोलतो. स्तब्धता घड्याळ लावून पूर्ण तीन मिनिटे ठेवा.

पाचव्या पायरीला प्रत्येकी दोन मिनिटे. ‘मी’ने सुरुवात करायची, ‘आपण सगळ्यांनी’ने नाही. कुणाच्याही बोलण्यावर सल्ला, दुरुस्ती किंवा ‘माझ्याही बाबतीत अगदी असेच’ नाही. सल्ला देणाऱ्या भाऊंना चारचौघांत टोकू नका. आधी घरी जाऊन त्यांच्याकडे वेळ सांभाळायचे काम सोपवा, बहुतेक वेळा एवढ्यानेच भागते. कुणी रडले तर लगेच पाठीवर हात ठेवून समजूत घालू नका. थोडे थांबा, पाण्याचा पेला पुढे करा आणि सभा संपल्यावर एकाने त्यांच्यासोबत चालत जा.

‘इथले इथेच राहील’ असे आश्वासन देताना एक अपवाद आधीच सांगा. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८.

प्रश्न: यंदा पास्काच्या जागरणात (ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या उपासनेत) बाप्तिस्मा घेणाऱ्या एका तरुणाला बोलायला सांगावे का? त्याचे हिंदू आईवडीलही येणार आहेत. (होटगी रोड)

त्याच रात्री नको. विधी आधीच लांब असतो आणि त्या रात्री त्याच्यावर कॅमेऱ्यांचा भार असतो. पेन्टेकॉस्टपर्यंतच्या (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणापर्यंतच्या) आठवड्यांत, छोट्या गटात, त्याची इच्छा असेल तर सांगू द्या. घरच्या देवधर्माविषयी वाईट बोलायचे नाही, हे त्याला समजावून सांगा. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते धर्मसभा नाकारत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. पेत्राचे पहिले पत्र (३:१५) आशेचे कारण सांगायला सांगते, पण सौम्यतेने आणि आदराने. आईने शिकवलेली संध्याकाळची दिवेलागण, तिचा उपास, पंढरीला चालत गेलेले आजोबा यांच्याविषयी तो कृतज्ञतेने बोलला, तर त्याची साक्ष अधिक खरी होते. त्यात कुणाच्या जातीचा किंवा मिळालेल्या मदतीचा उल्लेख आणू नका.

प्रश्न: आमच्याकडे मराठी, तेलुगू, कन्नड आणि कोकणी बोलणारे एकत्र असतात. कोणत्या भाषेत बोलावे? (एमआयडीसी परिसर)

ज्या भाषेत माणूस प्रार्थना करतो त्या भाषेत. मोडक्या मराठीतल्या पाच मिनिटांपेक्षा तेलुगूतली तीन आणि त्यांचा अनुवाद चांगला. वाक्यागणिक अनुवाद केला की वेळ दुप्पट होतो, म्हणून मूळ मजकूर तीनशे शब्दांच्या आत ठेवा. अनुवादकाला तो दोन दिवस आधी द्या आणि दोघांना एकदा माइकवर एकत्र म्हणायला लावा. उंच छताच्या देवळात आवाज घुमतो. माइक तोंडापासून चार बोटांवर धरा, वाक्य संपल्यावर मनात दोन आकडे मोजा, मग अनुवादकाने सुरू करावे. उन्हाळ्यात पंख्यांचा आवाज मोठा असतो, तेव्हा साक्षीपुरते जवळचे दोन पंखे बंद ठेवा. अनुवादकाने आपल्या पदरचे काही घालायचे नाही, आणि मूळ बोलणारा रडला तर त्यानेही थांबायचे.